गच्चीवरचा अँटेना काढू की ठेवू? (नाशिककरांनी आणि जाणकारांनी सांगावं)

गोदाकाठ

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावरून महाभारत चाललंय म्हणून इथे टाकतोय.

पंचवटीतलं आमचं घर जुनं. गच्चीवर लोखंडी पाइप, त्यावर दूरदर्शनच्या काळातला अँटेना. यंदा पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंग करून घ्यायचंय. कंत्राटदार म्हणतो, पाइपाच्या बुडातूनच पाणी मुरतंय, तो काढल्याशिवाय कामाला हात लावणार नाही. वडील म्हणतात, पाइपाला हात लावायचा नाही. त्यांचं म्हणणं असं, की सरकारने अ‍ॅनालॉग (जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण) बंद केलं म्हणजे त्याच्या जागी डिजिटल चालू केलं असणार, ते याच अँटेन्यावर येईल, खाली नुसता डबा जोडायचा.

माझं मत, की २०१३ मध्ये सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले तेव्हाच अँटेन्याचा कारभार आटोपला. घरात केबल आहे, वायफाय आहे, कोणी त्या पाइपाकडे बघतही नाही. तरी वडिलांना पटेल असं उत्तर हवंय. नाशकात आज अँटेन्यावर काही म्हणजे काही लागतं का? पुढेमागे लागण्याची शक्यता आहे का?

सिडकोचा राजा

आमच्या अँटेन्यावर कावळे लागतात. सिग्नल फुल्ल, पहाटे साडेपाचपासून.

मखमलाबादी

काढू नका हो. पतंगाच्या दिवसांत आमच्या गल्लीतले सगळे कटलेले पतंग आमच्याच अँटेन्यावर जमा व्हायचे. माझं बालपण त्याच्यावर चाललंय.

तारमास्तर

गोदाकाठ, तुमच्या वडिलांच्या तर्कात खोट नाही. जगात बऱ्याच ठिकाणी तसंच झालं. नाशकात झालं नाही, एवढंच.

तुम्ही मात्र दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत भरताय. २०१३ मध्ये जे झालं ते केबलचं. केबल टीव्हीचा कायदा १९९५ चा. २०११ च्या शेवटी त्यात दुरुस्ती झाली आणि केबलवरून अ‍ॅनालॉग सिग्नल पाठवणं टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. पहिला टप्पा चार महानगरांचा, मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ (चेन्नईचं घोडं कोर्टात अडलं). दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं, मुदत ३१ मार्च २०१३, आणि त्यात पुणे, नागपूर, औरंगाबाद यांच्याबरोबर नाशिक होतं. छोटी शहरं आणि गावं शेवटच्या दोन टप्प्यांत, ते मुदतवाढी घेत घेत २०१७ च्या मार्चपर्यंत रखडलं. या सगळ्याचा तुमच्या गच्चीशी काडीचा संबंध नाही. ज्यांच्याकडे नुसता अँटेना होता त्यांना १ एप्रिल २०१३ ला काहीही फरक पडला नाही.

हवेतून येणारं दूरदर्शन बंद झालं ते नंतर, आणि फारसा गाजावाजा न करता. प्रसार भारतीने देशभरचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपक एकेक करून बंद करत आणले आणि उरलेल्यांसाठी ३१ मार्च २०२२ ही तारीख धरली. मोक्याच्या जागचे साधारण ५० तेवढे राखून ठेवले. त्यात नाशिक यायचं काही कारण नव्हतं.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही. दुसऱ्याचं रात्री लिहितो, आत्ता बँकेत रांगेत आहे.

इंदिरानगरकर

तारमास्तरांना दुजोरा. घरात जुना पोर्टेबल टीव्ही पडून होता. मुलीला मुंग्या कशा दिसतात ते दाखवायला अँटेना लावून सगळे बँड फिरवले. या टोकापासून त्या टोकापर्यंत मुंग्याच. तिला आवडल्या.

सातपूरचा सूर्य

२०१३ चा विषय निघालाच आहे तर... ३१ मार्चला रविवार होता. रंगपंचमीचे दिवस, पण त्या वर्षी दुष्काळ, पाणी जपून वापरा म्हणून सगळीकडे सांगत होते, त्यामुळे रंगाचा जोर नव्हता. सगळा जोर डब्यांवर. कारण ३ एप्रिलला आयपीएल सुरू होणार होती! आमच्या कॉलनीतली माणसं, जी वर्षभर "डबा घेणार नाही, बघू सरकार काय करतं ते" म्हणत होती, ती शेवटच्या आठवड्यात केबलवाल्याच्या दारात. तो पठ्ठ्या आधी "दादा घेऊन टाका" म्हणत मागे लागायचा, आता फोन उचलेना.

माझ्या सासऱ्यांनी एक एप्रिलला सकाळी टीव्ही लावला, चित्र आलं नाही, तर ते म्हणाले एप्रिलफूल केलंय, संध्याकाळपर्यंत येईल.

जुना ऑपरेटर

फोन उचलत नव्हतो तो मीच. म्हणजे तुमचाच असेन असं नाही, पण आमची सगळ्यांची तीच गत होती.

सातपूर-अंबड भागात माझी केबल होती, आता धंदा बंद केलाय, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. लोकांना वाटतं डबा म्हणजे केबलवाल्याची चांदी. प्रत्यक्षात उलटं झालं.

अ‍ॅनालॉगमध्ये एका वायरीत सत्तर-ऐंशी, फार ओढाताण केली तर शंभर चॅनल बसायचे. त्यातही सगळे सारखे दिसायचे नाहीत. वायर लांबत गेली की वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल आधी पडतो. त्यामुळे खालच्या बँडवरचं चित्र स्वच्छ आणि वरच्यावर खरखर. खालची जागा मिळावी म्हणून चॅनलवाले पैसे मोजायचे, त्याला कॅरेज म्हणतात. हा पैसा वरचे मोठे कंट्रोल रूमवाले घ्यायचे, गल्लीतल्या माणसापर्यंत फारसा यायचा नाही. शिवाय जुन्या टीव्हीत हायपर बँड, म्हणजे त्या वरच्या फ्रिक्वेन्सी, लागतच नसे. कामगार वस्तीत निम्मे टीव्ही तसले. "शेजारी दिसतंय, आमच्याकडे का नाही?" दोष टीव्हीचा, शिव्या मला.

आता खरी गोम. अ‍ॅनालॉगमध्ये खांबावरून वायर ओढली की घर जोडलं. वर किती घरं आहेत हे कोणाला कळायला मार्ग नाही. करमणूक कर घरांच्या आकड्यावर, पे चॅनलचे पैसेही घरांच्या आकड्यावर. मग आकडा किती सांगितला जात असेल, तुम्हीच समजा. खालच्याने वरच्याला कमी सांगायचे, वरच्याने चॅनलवाल्याला त्याहून कमी, आणि प्रत्येकाला समोरच्याचं माहीत. सरकारला अ‍ॅनालॉग बंद करायचं होतं त्यात चित्राच्या स्वच्छतेइतकंच हेही कारण होतं. डबा आला, प्रत्येक डब्याला नंबर आला, नंबर वर कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरवर गेला. त्या दिवसापासून गिऱ्हाईक माझं राहिलं नाही. पैसे थकले तर पूर्वी मी शिडी लावून वायर काढायचो, आणि आजीबाईंनी दोन दिवस थांबायला सांगितलं तर थांबायचो. नंतर वरून बटण दाबून बंद. मी नुसता वसुलीवाला.

आणि ते शेवटचे आठ दिवस! सिडकोत एका घरात गेलो, टीव्ही इतका जुना की मागे एव्हीची, म्हणजे डब्याच्या वायरी खुपसायची, भोकंच नाहीत, फक्त अँटेन्याची पिन. आमच्या डब्याला नुसतं एव्ही. मग डब्याचं चित्र अँटेन्याच्या पिनेतून टीव्हीत घालणारा वेगळा मॉड्युलेटर आणून बसवला. डबा कुठे ठेवायचा तर टीव्हीवर आधीच फ्रेम, फुलदाणी आणि क्रोशाचा रुमाल. शेवटी गणपतीच्या कोनाड्याखाली खिळे मारून फळी लावली. नवा रिमोट हातात देताच काकूंनी तो आधी प्लास्टिकच्या पिशवीत घातला, वरून रबर लावलं, आणि मग विचारलं, "आता हा कसा चालवायचा?"

सिडकोचा राजा

ते घर आमचं नव्हतं, पण रिमोट आमचाच वाटतोय.

हिशोबी

ऑपरेटरसाहेब, प्रतिसाद आवडला, पण चांदी कोणाची तरी झालीच ना? तुमची नाही तर वरच्याची. ग्राहकाची तर नक्कीच नाही.

चित्र सुधारलं हे मान्य. पण २०१३ च्या आधी आम्ही केबलवाल्याशी घासाघीस करायचो. दिवाळीला महिना उशिरा दिला तरी चालायचं. डबा आला तो आमच्याच पैशाने. मग १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे (दूरसंचार नियामकाचे) नवे दर आले. नुसते फुकट दिसणारे १०० चॅनल घरात यायचे १३० रुपये, त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. हे दार उघडायचे पैसे! आत जेवण वेगळं. एचडी चॅनल घेतला तर तो दोन मोजायचा. मी कागद-पेन घेऊन बसलो, बायकोच्या मालिका, मुलाची कार्टून्स, माझं क्रिकेट अशी बेरीज केली, आणि आधीच्या बिलापेक्षा आकडा मोठा आला. वर पॅकेजमधून नको ते काढायला गेलो तर सुटे घेणं महाग, गठ्ठा स्वस्त.

कायद्याचं बोला

हिशोबी, अर्धवट सहमत. २०१९ च्या आधी तुम्ही कशाचे किती देता हे तुम्हाला ठाऊक तरी होतं का? प्रत्येक चॅनलची किंमत छापील स्वरूपात पहिल्यांदा तेव्हा कळली, आणि गठ्ठ्यात घालायच्या चॅनलवर १९ रुपयांची मर्यादा आली. मी नको असलेले सगळे हिंदी चॅनल काढून टाकले, फक्त मराठी आणि बातम्या ठेवल्या. बिल कमी झालं. गैरसोय एवढीच, की हे करायला ज्या नंबरावर फोन लावला तिथे चाळीस मिनिटं बासरी ऐकली.

आणि त्या १३० रुपयांत पुढे २०२० मध्ये १०० चे २०० चॅनल झाले हेही लिहा.

हिशोबी

लिहितो. २०० चॅनल झाले. त्यातले मी चार बघतो.

सुमनताई देवळालीकर

मुलांनो, तुमचा तो बँड आणि कॅरेज काही मला कळत नाही, पण माझं दुःख कोणी लिहिलंच नाही.

आमच्या जुन्या टीव्हीला बटणं होती. दोन दाबलं की सह्याद्री, पाच दाबलं की मालिका. टीव्ही लावला की लागायचा. आता रिमोट दोन. एकाने टीव्ही, एकाने डबा. चुकून टीव्हीच्या रिमोटचं कुठलंतरी बटण दाबलं गेलं की निळा पडदा आणि "नो सिग्नल". मग संध्याकाळी सुनबाई घरी येईपर्यंत मी त्या निळ्या पडद्यासमोर. चॅनलचे नंबर तीन आकडी नि चार आकडी, आणि पाठ झाले की बदलतात.

शेवटी नातवाने युक्ती केली. त्याच्या आईची लाल नेलपॉलिश घेऊन डब्याच्या रिमोटवर पाच ठिपके दिले, तेवढीच बटणं दाबायची. टीव्हीच्या रिमोटला फक्त चालू-बंदच्या बटणावर ठिपका, बाकी सगळ्यावर चिकटपट्टी. तेव्हापासून मी कोणाच्या उपकारात नाही.

मखमलाबादी

सुमनताई, दंडवत घ्या. नातवाला पेटंट घ्यायला सांगा.

कायद्याचं बोला

ताई, मी आजच आईच्या रिमोटला हे करणार. वाखु (वाचनखूण) साठवली.

ओहायोचा ओझरकर

गोदाकाठ यांच्या वडिलांची बाजू घ्यायला आलोय.

इथे अमेरिकेत मोठी केंद्रं १२ जून २००९ ला अ‍ॅनालॉगवरून डिजिटलवर गेली. आधी १७ फेब्रुवारी ठरली होती, लोकांची तयारी नाही म्हणून पुढे ढकलली. पण इथे अँटेना मेला नाही. उलट सरकारने जुन्या टीव्हीला लावायच्या कन्व्हर्टर डब्यासाठी ४० डॉलरची कुपनं वाटली, घरटी दोन. मी तेव्हा विद्यार्थी होतो, रूमवर रस्त्यावरून उचलून आणलेला टीव्ही. कुपन घेतलं, डबा आणला, खिडकीत दोन कानांचा अँटेना ठेवला आणि एका रात्रीत मुंग्या जाऊन काचेसारखं चित्र. एकेका केंद्राचे दोन-तीन चॅनल झाले. आजही इथे अँटेना लावून स्थानिक बातम्या, फुटबॉल फुकट बघणारे भरपूर आहेत, तेही एचडीत.

त्यामुळे काका म्हणतात ते चूक नाही. आपल्याकडे हवेतून डिजिटल का नाही आलं, हा खरा प्रश्न आहे.

पुणेरी पाटी

आमच्याकडे दूरदर्शन सिंहगडावरून यायचं. गडावरून प्रक्षेपण असल्यामुळे चित्रात आपोआप एक बाणेदारपणा असायचा. नाशिककरांना कल्पना नसेल.

सिडकोचा राजा

बाणेदारपणा म्हणजे दुपारी एक ते चार प्रक्षेपण बंद?

मिसळीचा रस्सा

धाग्यात पुणं आलं. आता शंभरी नक्की. मी मिसळ आणतो. कॉलेज रोडची की सातपूरची, यावर वेगळा धागा काढा.

तारमास्तर

आता दुसरा प्रश्न, जो ओझरकरांनी नेमका विचारलाय.

आपल्याकडेही हवेतून डिजिटल आलं, पण मोजक्या ठिकाणी. तंत्राचं नाव डीव्हीबी-टी२. २०१६ मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत ते सुरू केलं. महाराष्ट्रातली दोन, मुंबई आणि औरंगाबाद. नाशिक नाही. आणि मोबाइलला डोंगल लावून बघा असा प्रचार झाला. डोंगल किती लोकांनी घेतलं असेल ते तुम्हीच ठरवा. मला तर ते कोणाच्या हातात दिसलं नाही.

तंत्र म्हणून हे उत्तम आहे. अ‍ॅनालॉगमध्ये एका चॅनलला हवेतली ७-८ मेगाहर्ट्‌झची जागा लागते, म्हणजे एका प्रवाशासाठी अख्खी एसटी. डिजिटलमध्ये चित्र दाबून बारीक करतात, त्याच जागेत दहाच्या आसपास साधे चॅनल बसतात. भुतं, म्हणजे चित्राशेजारी दुसरं फिकट चित्र, दिसत नाहीत. ती डोंगरावरून, इमारतीवरून परावर्तित होऊन उशिरा पोचलेल्या लहरींमुळे दिसायची. जुन्या सिग्नलमध्ये ती सरळ पडद्यावर उमटत. नव्यात ती गाळण्याची सोय आहे.

उलट बाजूही आहे. अ‍ॅनालॉग सिग्नल कमी झाला की चित्र हळूहळू बिघडायचं, मुंग्यांतूनही धावसंख्या वाचता यायची. डिजिटल एका मर्यादेपर्यंत झक्क दिसतं आणि त्याखाली गेलं की चौकोन चौकोन होऊन थांबतं. मधलं काही नाही.

ओझरकर, "का नाही आलं" याचं माझं उत्तर, आपल्या सरकारने ते काम उपग्रहावर सोपवलं. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने ३३ चॅनल घेऊन फुकटची डिश सुरू झाली, तीच आजची डीडी फ्री डिश. एका उपग्रहातून अख्खा देश व्यापत असताना गावोगावचे टॉवर नव्याने कोण उभारणार? मला हे पटतं. न पटणारी गोष्ट एकच. बंद करताना ज्यांच्याकडे फक्त अँटेना होता त्यांना कुपन नाही, डबा नाही, साधी दारात पाटीही नाही.

आणि गोदाकाठ, वडिलांना हे जरूर सांगा, अँटेना अ‍ॅनालॉग किंवा डिजिटल नसतो. त्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, ज्या लांबीच्या असतील त्या लहरी पकडतात. उद्या नाशकात डिजिटल आलं असतं तर त्यांच्या अँटेन्याने काम केलंही असतं. आलं नाही.

इगतपुरीचा पाऊस

फ्री डिशचं कौतुक वाचून हसू आलं. जुलैमध्ये आमच्याकडे या. डिश ही शोभेची वस्तू असते. ढग कसाऱ्याच्या बाजूने वर चढले की आधी आवाज तुटतो, मग चौकोन, मग "सिग्नल उपलब्ध नाही". अँटेन्यावर पावसात निदान बातम्या दिसायच्या. माझी आई अजून म्हणते, तुमचं डिजिटल उन्हाळ्याचं.

तारमास्तर

आई बरोबर बोलतात. घरगुती डिश केयू बँडवर चालते, ११-१२ गिगाहर्ट्‌झच्या आसपास, आणि दाट पाऊस त्या लहरी शोषून घेतो. अँटेन्याच्या लहरी त्या मानाने फार लांब, त्यांना पावसाचं विशेष वाटत नाही. केबलवाले पूर्वापार मोठ्या जाळीच्या छत्र्यांवर सी बँडचे चॅनल घेतात, तिथेही पावसाचा त्रास फार कमी. म्हणून पावसात शेजारच्या केबलवर दिसत असतं आणि तुमच्या डिशवर नाही. थोडी मोठी डिश आणि घट्ट बसवलेला एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा तुकडा) यांनी फरक पडतो. इगतपुरीत मात्र किती पडेल, वरुणराजाला ठाऊक.

सातपूरचा सूर्य

अवांतर: पूर्वी अख्ख्या गल्लीला एकाच क्षणी विकेट कळायची. २०११ च्या फायनलचा तो शेवटचा षटकार आमच्या चाळीत एका आवाजात गेला, कारण जवळपास सगळे एकाच अ‍ॅनालॉग केबलवर. आता शेजारी केबल, समोर डिश, वरच्या मजल्यावर मोबाइल. समोरचे ओरडतात तेव्हा माझा बोलर अजून धावतोय. मी मॅच बघत नाही, समोरच्यांचं पुनःप्रक्षेपण बघतो.

मिसळीचा रस्सा

आमच्याकडे वरच्या मजल्यावरचे मोबाइलवाले सगळ्यात शेवटी ओरडतात. षटक संपलेलं असतं.

जुना ऑपरेटर

लोकल चॅनलबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून पुन्हा आलो. अ‍ॅनालॉगमध्ये कंट्रोल रूमला एक स्वस्त मॉड्युलेटर लावला की आमचा स्वतःचा चॅनल चालू. दुपारी सिनेमा (कुठून आणला विचारू नका), खाली पट्टी, "अमुक ज्वेलर्सतर्फे दिवाळीच्या शुभेच्छा", "हरवला आहे, तपकिरी रंगाचा पॉमेरेनियन". २००३ च्या सिंहस्थात आमच्या पोराने गोदाघाटावरून व्हिडिओ कॅमेऱ्याने केलेलं शूटिंग संध्याकाळी चालवलं होतं, अख्खा एरिया आपल्या घरातलं कोणी दिसतं का ते शोधत बसला. डिजिटलमध्ये लोकल चॅनलला बंदी नाही, पण तो वरच्या कंट्रोल रूममधून यायला लागतो, त्याचे पैसे वेगळे. गल्लीचा चॅनल शहराचा झाला. बोकड हरवला तर पट्टी कुठे टाकायची?

मखमलाबादी

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. आणि बोकड सापडला तरी तीन वर्षं फॉरवर्ड होत राहतो.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. धागा वडिलांना मोठ्या अक्षरांत वाचून दाखवला. सुमनताईंचा प्रतिसाद आईला दोनदा.

नाशकात काही लागत नाही हे त्यांना पटलं. पण आता नवीन भानगड. "औरंगाबादला दिलं आणि नाशकाला नाही? कुंभमेळा नाशकात भरतो!" असं म्हणून त्यांनी प्रसार भारतीला पत्र लिहायला घेतलंय. पहिलं पान झालं. तारमास्तर, डीव्हीबी-टी२ मधला टी कशाचा, हे त्यांनी विचारलंय. पत्रात घालायचं आहे.

दरम्यान फ्री डिश बसवायला ते तयार आहेत. त्यासाठी हाच पाइप वापरता येईल का?

तारमास्तर

टी म्हणजे टेरेस्ट्रियल, जमिनीवरच्या टॉवरवरून येणारं. पत्राची प्रत इथे टाका, सह्या मी गोळा करतो.

पाइप वापरू नका. उंच पाइप वाऱ्याने हलतो. अँटेन्याला ते चालायचं, डिश केसभर हलली की सिग्नल गेला. डिशला उंची लागत नाही, समोर मोकळं आकाश लागतं. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. नाशकातून तो आग्नेयेला दिसतो, बरोबर पूर्व आणि दक्षिणेच्या मधोमध, क्षितिजापासून साधारण ५७ अंश वर. त्या बाजूला झाड किंवा पाण्याची टाकी नाही ना ते आधी बघा. डिश दिसायला इतकी वर बघणारी वाटत नाही, कारण तिची रचना तिरपी असते, त्यामुळे डोळ्याने अंदाज घेऊ नका, बसवणाऱ्याच्या मीटरवर विश्वास ठेवा. आणि स्लॅबला नवी भोकं पाडू नका! कठड्याच्या भिंतीला आतल्या बाजूने ब्रॅकेट लावा. नाहीतर पुढच्या वर्षी तुमचा कंत्राटदार डिशलाही हात लावायला नकार देईल.

डिश, डबा, वायर मिळून दीड-दोन हजारांत काम होतं. दरमहा काही नाही.

हिशोबी

दरमहा काही नाही?! हे आधी कुठे होतं?

कायद्याचं बोला

२००४ पासून तिथेच आहे, हिशोबी. जाहिरात करायला पैसे नव्हते, कारण दरमहा काही नाही.

वायरलेस बाबा

गोदाकाठ, अँटेना भंगारात घालणार असाल तर आधी मला कळवा. हौशी रेडिओवाला आहे, राहायला गंगापूर रोडला. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या कापून १४५ मेगाहर्ट्‌झचा यागी (एका दिशेला रोखायचा अँटेना) करायचा आहे, अंतराळ स्थानकातले अंतराळवीर कधीमधी त्याच भागात बोलतात. भंगारवाला देईल त्यापेक्षा जास्त देतो. पाइपही चालेल. उतरवायला मी आणि माझा मुलगा येतो, शिडी आमची.

गोदाकाठ

वायरलेस बाबा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. वडील म्हणतात पैसे नकोत, पण अंतराळवीर बोलले की त्यांना ऐकवायचं. रविवारी सकाळी दहाच्या आत या. नंतर गच्ची तापते, आणि सोमवारी कंत्राटदार येतोय.

इंदिरानगरकर

कंत्राटदार चौरस फुटाला काय भाव घेतोय? ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा थर) करतोय की नुसता केमिकल कोट? आमचीही गच्ची गळते.

मिसळीचा रस्सा

यासाठी नवीन धागा काढा. मिसळीचाही राहिलाच आहे.